टिटवी कुणावर ओरडत होती

‘त्याच्यावर सोड’ हे माझ्या वडिलांचं ठरलेलं वाक्य. पाऊस लांबला, सोयाबीन पिवळं पडलं, माझं लग्न जमेना, काहीही झालं की ते बाजेवर मांडी घालून बसत, डोळे मिटून थोडा वेळ नामस्मरण करत आणि उठताना म्हणत, “सोड त्याच्यावर.” मला हे वाक्य कधीच पटलं नाही. परमेश्वरावर माझा विश्वास नव्हता असं नाही. आमचं घर महानुभाव पंथाचं, रिद्धपूरला, म्हणजे पंथाच्या तीर्थाला, जाणं-येणं माझ्या जन्माआधीपासूनचं. पण त्याच्यावर सोडायचं म्हणजे आपण हात झटकायचे, असंच मला वाटायचं. मी घरातली थोरली. कामं वाटून देणं, कुणी काय चुकलं ते सांगणं आणि सगळं झाल्यावर पुन्हा एकदा तपासून घेणं हा माझा स्वभाव. धाकटा भाऊ प्रमोद मला लहानपणापासून ‘तहसीलदारीण’ म्हणतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही.

मूर्तिजापूरपासून आत असलेल्या आमच्या गावातून मी अकोल्याला शिकायला गेले आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे नेदरलँड्समध्ये जाऊन पडले. तिकडचं गाव लहान, सपाट आणि भयंकर शांत. सकाळी ना भाजीवाल्याची हाक, ना कुणाच्या रेडिओचा आवाज. पहिले काही महिने मी नुसती खिडकीशी बसून असायची. त्या शांततेत कानावर पडायचं ते एकच, पाखरांचं बोलणं. आमच्या धुराड्यावर एक काळा पक्षी पिवळी चोच उघडून संध्याकाळभर गायचा. गावी असताना मी पाखरांकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. चिमण्या म्हणजे धान्य वाळत घातलं की हाकलायची वस्तू, इतकीच माझी ओळख. परक्या मुलखात मात्र मला त्यांची सवयच लागली. कपडे वाळत घालताना, दूध आणायला जाताना, नोकरीवर, प्रयोगशाळेत बियाणं तपासायला सायकलने जाताना कान आपोआप तिकडे जायला लागले.

शेजारी मार्या नावाच्या म्हातारबाईंचं गाईंचं कुरण होतं. पहिल्या वसंतात मी त्यात सहज शिरले तर जमिनीतून उठल्यासारखा एक पक्षी ओरडत आला आणि माझ्या डोक्यावरून इतक्या जवळून गेला की मी मटकन खाली बसले. मार्या कुंपणाशी उभ्या राहून हसत होत्या. तो आपल्या टिटवीचाच तिकडचा भाऊबंद निघाला. उघड्या जमिनीवर अंडी घालतो, कुणी जवळ आलं की ओरडून आकाश डोक्यावर घेतो आणि माणूस लांब गेलं की गप्प होतो. पुढे दर वसंतात मी कुरणाच्या कडेने मुद्दाम चालायची. दोन पावलं आत टाकली की ओरडा सुरू, दोन पावलं मागे आलं की बंद. मला त्याची गंमत वाटायची.

आई गेल्यानंतर वडिलांची स्मरणशक्ती उतरत गेली. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग आपण जेवलो की नाही हे. फोनवर बोलायला विषयच उरेना. उरली फक्त पाखरं. मी खिडकी उघडून फोन बाहेर धरायची आणि ते विचारायचे, “हे कोन ओरडून राह्यलं वं?” मग प्रमोद त्यांचा फोन अंगणात धरायचा आणि ते मला सांगायचे, ही साळुंकी, हा कोतवाल, तो लांबचा होला. मला एकदा त्यांनी त्यांची वारलेली बहीण समजून हाक मारली, पण पाखरू ओळखायला ते कधी चुकले नाहीत. त्यामुळे फोनवर माणसाच्या आवाजाच्या मागे काय वाजतंय ते ऐकायची मला खोडच जडली होती.

मे महिन्यातली गोष्ट. इकडे सकाळ होती, माझी सुट्टी होती, मी कणीक मळत होते. प्रमोदचा फोन आला आणि तो नुसता “ताई” म्हणून थांबला. प्रमोद थांबणारा माणूस नाही.

“काय झालं?”

“बाबा घरी नाई हायेत. जेवून बाजेवर पडले होते. रेखा चहा घेऊन गेली तं बाज रिकामी. चप्पल अठीच हाय.”

रेखा माझी भावजय. ती मागे रडत होती. तिकडे दुपार कलत आली होती आणि वऱ्हाडातलं मे महिन्यातलं ऊन ज्याने पाहिलं आहे त्याला मी वेगळं काही सांगायला नको. त्या उन्हात धडधाकट माणूस डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. माझे वडील अनवाणी गेले होते, कधी गेले ते कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांना पाणी मागायचं सुचेल की नाही याचाही भरवसा नव्हता.

मी कणकेच्या हातानेच फोन धरला आणि कामाला लागले. लागले म्हणजे काय, बोलायला लागले. प्रमोदला म्हटलं, फोन बंद करायचा नाही, आवाज मोठा करून सदऱ्याच्या खिशात ठेव आणि मी सांगते तिकडे जा. आधी विहीर. तो विहिरीशी जाऊन वाकला तेव्हाची शांतता मी कशी काढली ते मलाच ठाऊक. “नाई,” तो म्हणाला. मग आमच्या पंथाचा आश्रम, तिथे नाहीत. एसटीचा थांबा, तिथेही नाहीत. मग मला एकदम आठवलं की मागच्याच महिन्यात वडील शकुंतला रेल्वेच्या रुळांवर सापडले होते. ती गाडी कधीची बंद पडली आहे, रुळांवर गवत वाढलंय, पण ते स्लीपरवर उभे राहून गाडीची वाट पाहत होते. मी ठामपणे सांगितलं, ते तिकडेच गेलेत, सगळ्यांना रुळांकडे पाठव. प्रमोद म्हणाला, वावराकडेही पाहायला पाहिजे. मी म्हटलं, आधी रूळ. गावातली माणसं मोटरसायकली काढून रुळांच्या दोन्ही अंगांना गेली. बराच वेळ गेला. तिथे कुणी नव्हतं.

माझ्या सांगण्यावरून गेलेला तो वेळ परत येणार नव्हता. तरी माझं तोंड बंद होईना. उलट मी जास्तच बोलायला लागले. प्रमोद, वामनकाका आणि आणखी दोघे आता आमच्या वावराकडे निघाले होते. वामनकाका म्हणजे आमचे धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध असलेले शेतकरी, वडिलांच्या बरोबरीचे. मी खिशातून ओरडत होते, गोठ्यात बघा, मोटरच्या खोलीत बघा, आंब्याखाली बघा. कुठेच काही नव्हतं. वावर नांगरून पडलेलं, काळी ढेकळं, आडोशाला पीक नाही. दुरून नजर टाकली तरी माणूस उभा असेल तर दिसावा. पडला असेल तर मात्र ढेकळांत दिसायचा नाही, हे प्रमोद हळूच बोलला.

तेवढ्यात वामनकाकांचा आवाज आला. “टिटवी ओरडून राह्यली. लक्षण बरं नाई, प्रमोद. चाल अठून.” त्यांनी ढेकूळ उचलून फेकल्याचा आवाजही मी ऐकला. टिटवी अशुभ, तिचं ओरडणं कुणाचा तरी जीव मागतं, असं आमच्याकडे मानतात. आमच्या पंथात शकुन-अपशकुनाला थारा नाही, पण गावाचं वारं सगळ्यांनाच लागतं. हरवलेल्या माणसाला शोधताना तर ते नाव कुणाला कानावरही नको होतं. ते सगळे तिथून वळले आणि सडकेकडच्या वावरात चालायला लागले. मला काकांचा राग आला. टिटवीचं काय घेऊन बसलात, असं काहीतरी मी बोलले आणि पुन्हा हुकूम सोडायला लागले, पोलिसांना कळवा, मूर्तिजापूरला माणूस पाठवा, दर्यापूरच्या आत्याला फोन करा, फोटो गावाच्या ग्रुपवर टाका.

प्रमोद चालता चालता थांबला. त्याचा श्वास फुलला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर खेकसला. “ताई, तू चूप बस वं जराशी. तुह्या बोलन्यानं मले काईच सुचून नाई राह्यलं. बाप माहाही हाय.”

मी गप्प झाले. सांगायला तसंही काही उरलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, हाताची कणीक वाळून तडकली होती. इतक्या लांबून मी काय करू शकत होते? धावू शकत नव्हते, शोधू शकत नव्हते, विमानात बसले तरी दुसऱ्या दिवसाशिवाय पोचत नव्हते. तेव्हा मी नाम घ्यायला लागले. श्रद्धेने घेतलं असं लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल, पण मी भीतीने घेतलं. माझे वडील त्या उन्हात कुठेतरी मरत असतील आणि मी काही करू शकत नाही, एवढंच मनात होतं. मी रडत म्हटलं, “देवा, माझ्याने होत नाही. तूच बघ आता.” हे मी पहिल्यांदा म्हणत होते आणि त्यात काही मोठेपण नव्हतं, माझं सगळं संपलं म्हणून मी म्हणत होते.

मग फोनमधून मला नुसते आवाज ऐकू यायला लागले. ढेकळांवरून चालणाऱ्या चपला. प्रमोदचा श्वास. खिशाला घासणारा वारा. आणि त्या सगळ्याच्या मागे, लांब, टिटवी. ती थांबली नव्हती. मी नाम घेता घेता ऐकत राहिले. चपलांचा आवाज पुढे चालला होता, टिटवी मागे पडत चालली होती, आवाज बारीक होत होता, पण ओरडणं तसंच, तितकंच घाईचं. आता एक नव्हती, दोन होत्या. मध्येच स्वर एकदम उंच चढायचा, झेप घेताना चढतो तसा. ही माणसं तिच्यापासून लांब गेली होती. आता तिला गप्प व्हायला हवं होतं.

“प्रमोद,” मी म्हटलं. “प्रमोद, तुम्ही तर पुढे आलात. मग ती टिटवी कुणावर ओरडून राह्यली?”

तो थांबला. चपला थांबल्या. “कुत्रं असन,” तो म्हणाला, पण पुढे चालला नाही.

“असेल. जाऊन बघ.”

वामनकाका म्हणाले, “तिकडं नोको जाऊ रे, तिकडं नाला हाय नुसता.” प्रमोदने काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, कारण तो पळायला लागला होता. पावलागणिक टिटव्यांचे आवाज मोठे होत गेले. मग त्या इतक्या जवळ ओरडायला लागल्या की फोन कानाशी धरवेना. मग धप्पकन आवाज झाला आणि खरखर झाली. फोन खिशातून पडला होता. माणसांचे आवाज लांब कुठेतरी खाली होते, शब्द कळत नव्हते. कुणीतरी जोरात “बाबा” म्हणालं आणि मग काहीच नाही. ढेकळात पडलेल्या त्या फोनमधून मला फक्त टिटव्या ऐकू येत होत्या. त्या कशासाठी ओरडतायत, खाली काय दिसलंय, माझा बाप आहे की त्याचं प्रेत आहे, काही कळायला मार्ग नव्हता. मी फोनवर हाका मारत होते आणि माझ्या हाका काळ्या मातीत चालल्या होत्या. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. नाम मात्र तोंडात चालू होतं, ते मी घेत होते की आपोआप चाललं होतं तेही सांगता येणार नाही.

मग फोन उचलल्याचा आवाज आला. वामनकाका होते. त्यांना धाप लागली होती. “बाई, हाय. जीव हाय. डोये उघडून राह्यला. रडू नोको.”

वडील नाल्याच्या काठावरून घसरून खाली पडले होते. पाय मुडपला होता, उठता येत नव्हतं. काठाच्या बाभळीची थोडी सावली होती म्हणून तग धरला. घसा इतका सुकला होता की प्रमोदच्या हाका ऐकू येत असूनही त्यांना ओ देता आली नाही. जवळच नाल्याच्या मुरमात टिटवीची पिल्लं होती. वडील हात हलवायचे, सरकायचा प्रयत्न करायचे आणि दर वेळी वर दोन्ही टिटव्या जीव तोडून ओरडायच्या. प्रमोदने ओला दुपट्टा अंगावर टाकून त्यांना पाठीवर वर आणलं आणि आधी मूर्तिजापूरला, तिथून अमरावतीला दवाखान्यात नेलं. उन्हाने मूत्रपिंडावर ताण आला होता. रात्रभर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुपारची भीती संपली आणि दुसरी सुरू झाली.

ते वावरात कशासाठी गेले होते, हे अमरावतीच्या वाटेवर त्यांनी प्रमोदला अडखळत सांगितलं. जवारीवर पाखरं आली, ती हाकलायला. आमच्या वावरात जवारी पेरून कितीतरी वर्षं झाली, मे महिन्यात तर कुणाच्याच वावरात ती नसते. आम्ही दोघांनी त्यांना पाखरं हाकलताना लहानपणी पाहिलं होतं, ते ढेकूळ मारायचे नाहीत, नुसत्या टाळ्या वाजवायचे, जीव दुखवायचा नाही म्हणून. प्रमोद हे मला सांगताना मध्येच थांबला.

हा योगायोग होता का, असं मला नवऱ्याने विचारलं. असेलही. टिटवी पिल्लांसाठी ओरडत होती, माझ्या वडिलांसाठी नाही, एवढं मलाही समजतं. वामनकाका तर अजूनही म्हणतात, “ते काईबी असो, टिटवी ते टिटवीच हाय.” मला कुणाशी वाद घालायचा नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी पहिल्यापासून फोनवर होते, टिटवी ओरडत होती हे काकांनी स्पष्ट सांगितलंही होतं, आणि मला ती ऐकू आली नाही. माझ्या बडबडीत ती बुडून गेली होती. मला गप्प करणारा प्रमोद होता, आणि त्याच्या तोंडून मला गप्प करणारा कोण होता हे मी माझ्यापुरतं मानते. त्याचे उपकार फेडायला मला सात जन्म पुरायचे नाहीत. स्वभाव काही एका दुपारीत बदलत नाही, मी आजही चार माणसांना कामं वाटत फिरते. पण सोडणं म्हणजे हात झटकणं नव्हे, हे मला त्या दिवशी जमिनीवर बसून कळलं. हातातलं सगळं करून झाल्यावर तोंड मिटून ऐकत राहायचं, इतकंच ते असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. प्रमोदने फोन वडिलांच्या कानाशी धरला. गेले कितीतरी महिने माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “बाबा, मी कोण? ओळखलं का?” ते गोंधळायचे, चाचपडायचे, कुणाचंतरी नाव घ्यायचे आणि मी त्यांना दुरुस्त करायची. त्या दिवशी मी विचारलं नाही. मी नुसता त्यांचा श्वास ऐकत होते, तो चालू होता, आणि मला आणखी काही नको होतं.

“कोन हाय?” ते म्हणाले. आवाज अगदी क्षीण होता.

मी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली. आमच्या पंथात माणूस माणसाला भेटलं की लहानथोर न पाहता दंडवत म्हणायची रीत आहे. मुलांची नावं पुसली गेली तरी ती रीत त्यांच्यात शाबूत होती.

“कोनीबी असा,” वडील म्हणाले, “दंडवत.”

प्रमोदने नंतर सांगितलं की हे म्हणताना त्यांनी सलाईनची सुई टोचलेला हातही उचलून दुसऱ्या हाताला लावला. मला ते दिसलं नव्हतं. मी ओट्याला धरून उभी होते, तिथेच गुडघ्यावर बसले, डोकं जमिनीला टेकवलं आणि म्हटलं, “दंडवत.” मी कोण ते सांगितलं नाही.